आठ मोकळ्या मात्रा

माझ्या पहिल्या तबकडीबद्दल बोलायला येणारा प्रत्येक माणूस मला एक प्रश्न हमखास विचारतो. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबतात, आठ मात्रा काहीच वाजत नाही, आणि मग माझा एकट्याचा आवाज येतो, ‘या’. ती शांतता तुम्हाला कशी सुचली?

सुचली नाही. पुसली गेली. तिथे माझ्या वडिलांचा आवाज होता.

एका समीक्षकाने त्या आठ मात्रांना ‘अनुपस्थितीचा नाद’ म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दुसऱ्याने लिहिलं की हा प्रयोगशील गायक साक्षात शून्यालाच घरात बोलावतो. मी शून्याला कशाला बोलावू? शून्याचं आमच्या घरात काय काम? इतकी वर्षं हे ऐकून मी मान हलवत आलो. एकदा तर भर सभेत ‘हो, सुचलं बुवा,’ असंही म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. त्या टाळ्यांची मला लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे. वय झालं, गुडघे गेले, राग मात्र गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी शनिशिंगणापूरचा. गावाचं नाव घेतलं की लोक लगेच विचारतात, ‘तिथे घरांना दारं नसतात ना?’ नसतात. म्हणजे चौकट असते, उंबरा असतो, कवाड नसतं. कुत्रं आत शिरू नये म्हणून कुणी एखादी फळी टेकवून ठेवतं, एवढंच. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप तर नाहीच. चोराला देव बघून घेईल अशी गावाची श्रद्धा. माझी श्रद्धा किती होती ते विचारू नका, पण सवय पक्की होती. दुसऱ्याच्या देखत कुलूप लावणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं.

लोकांना वाटतं, दार नाही म्हणजे कुणीही कधीही आत घुसत असेल. उलट आहे. दार असलं की माणूस कडी वाजवतो आणि कुणी ओ देण्याआधीच आत डोकावतो. आमच्याकडे वाजवायलाच काही नाही. म्हणून उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचं, खाकरायचं, विचारायचं, ‘हाय का कुनी?’ आणि आतून ‘या’ असं आल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. आत बाई न्हात असेल, कुणी लेकराला पाजत असेल. उघड्या घराची अब्रू त्या एका हाकेवर राखलेली असते.

माझे वडील, म्हणजे आबा, याबाबतीत फार कडक. स्वतःच्या घरीसुद्धा हाक मारल्याशिवाय येत नसत. शेतावरून आले की दोनदा खाकरायचे, मग ‘हाय का कुनी?’ आईने ‘या’ म्हटलं की आत. एकदा भर उन्हात, डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन, ते आपल्याच घराबाहेर कितीतरी वेळ उभे होते. आई मागच्या अंगाला गोवऱ्या थापत होती, तिला ऐकू गेलं नव्हतं. शेजारी म्हणाला, ‘आवं, तुमचंच घर हाय, शिरा की.’ आबा म्हणाले, ‘घर माजं हाय, पन आत मानसं हायेत.’ आणि तसेच उभे राहिले.

मी मॅट्रिकला आपटलो आणि नगरला एका लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला लागलो. लग्न, सभा, गॅदरिंग, कुठेही भोंगे बांधायचे, अँप्लिफायर दुरुस्त करायचे. तिथे मला एक नाद लागला. मायक्रोफोन भोंग्याच्या जवळ नेला की भोंगा शिट्टी मारतो. सगळे जण कान झाकून शिव्या देतात. माझ्या लक्षात आलं की मायक्रोफोन चार बोटं मागेपुढे केला की ती शिट्टी वर-खाली होते, आणि हात स्थिर ठेवला तर तिच्यावर सूर धरता येतो. मग मी तिच्यावर गाऊ लागलो. ठेका धरायला गावाकडचे तेलाचे डबे आणले. शनिवारी, अमावास्येला देवाला तेल घालायला येणारे लोक रिकामे डबे तिथेच टाकून जात. तळाशी तेल किंवा पाणी कमी-जास्त ठेवलं की प्रत्येक डबा वेगळा बोलतो. सात डबे, एक मोडकी पेटी, दुरुस्तीला येऊन कुणीच न नेलेली एक गिटार आणि शिट्टी मारणारा भोंगा. गाणी माझीच, साधी: एसटी चुकली, चहा थंड झाला, घोडेगावच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात बघतंय आणि बैल गिऱ्हाइकाचे.

आबांचं मत एका वाक्याचं होतं: ‘डबं बडवायचं व्हतं तर नगरला कशाला गेलास, हितं काय डब्यांचा दुकाळ हाय?’

एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमचे भोंगे होते. मधल्या वेळेत मुलांनी हट्ट धरला म्हणून मी दोन गाणी वाजवली. मुंबईच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचे साहेब पाहुणे म्हणून आले होते. ते म्हणाले, मराठीत असं पॉप कुणी केलेलं नाही, अख्खी लाँग प्ले काढू. मला पॉप म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. मी होय म्हणालो.

तबकडीसाठी मी एक नवं गाणं बांधलं, आमच्या घराचं. दिवसभर घरात कोण कोण हाक मारून येतं त्याचं. शेजारीण येते, तेली येतो, पाहुणा येतो, प्रत्येकाच्या हाकेचा सूर मी वेगळा गायचो. शेवटी सगळी वाद्यं थांबणार, घराचा मालक येणार, त्याची खरी हाक येणार, आणि मी आतून ‘या’ म्हणणार. ते मला माझ्या आवाजात नको होतं. मला आबाच हवे होते.

दुकानाच्या मालकाकडे सेलवर चालणारा स्पुलांचा टेपरेकॉर्डर होता, पुढाऱ्यांची भाषणं टिपायला आणलेला. तो मागून घेतला आणि गावी गेलो. पहिल्यांदा आबांना सरळ सांगितलं की बाहेर उभे राहा आणि हाक मारा. ते बाहेर गेले, चौकटीतून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘तू आत हायेस, मला दिसतुयास. मग इचारू काय?’ मी म्हणालो, खोटं खोटं विचारा. ‘खोटं कसं इचारायचं?’ त्यांना ते जमेचना. खोटं करायची त्या माणसाला सवयच नव्हती.

शेवटी मी तीन दिवस त्यांच्या येण्याच्या वेळेला मशीन लावून धान्याच्या कणगीमागे दबा धरून बसलो. पहिल्या दिवशी कोंबडी मध्येच कलकलली. दुसऱ्या दिवशी आईने माझ्या आधीच ‘या’ म्हणून टाकलं आणि जिभेला चावा घेतला. तिसऱ्या दिवशी साधलं. आधी बैलाच्या साखळीचा आवाज, मग दोनदा खाकरणं, मग ‘हाय का कुनी?’ आणि मी कणगीमागून म्हणालो, ‘या.’

मग त्यांना ते ऐकवलं. त्यांनी आधी मशीनच्या मागे बघितलं. ‘मी आसा बोलतुय?’ म्हणाले. मग म्हणाले, ‘परत लाव.’ मी परत लावलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी माझ्या पास-नापासाच्या कुठल्याच निकालाला पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की आमच्या आबांचा आवाज मुंबईला चाललाय. एसटीत बसताना आई म्हणाली, ‘जपून ने.’ आबा म्हणाले, ‘तो काय काचंचा हाय?’ आणि स्वतःच मफलर काढून त्या खोक्याभोवती गुंडाळला.

मुंबईचा स्टुडिओ म्हणजे दारांची खाण. रस्त्यावर दार, जिन्यावर दार, आणि गायच्या खोलीला तर एकावर एक दोन, गादीसारखी जाड. ती लावली की कान बंद व्हायचे. मला त्या खोलीत श्वास पुरेना. पहिल्या दिवशी लाल दिवा लागला, मी दोन ओळी गायलो आणि हात आपोआप दाराकडे गेला. दार उघडून मी तिथेच उभा. रेकॉर्डिस्ट माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शांत, चष्मेवाले गृहस्थ होते. ते म्हणाले, ‘अहो, टेप फुकट जाते. दार उघडायचं नाही.’ मी त्यांना आमच्या गावाचं सांगितलं. ते हसले, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हेच तर मला अजून पचत नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

त्यांनी मला बोळातलं एक लोखंडी कपाट दाखवलं. तिथे कपाटांची रांगच होती, एकेका गायक-वादकाला एकेक. ‘हे तुमचं. तुमच्या टेपा यात ठेवा आणि कुलूप लावा. आठवणीने लावा.’ मी म्हणालो, ‘साहेब, आमच्यात कुलूप लावत नाहीत.’ ते म्हणाले, ‘हे तुमचं गाव नाही.’

आता मूर्ख कोण, ते तुम्हीच ठरवा. मला कुलूप म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. नगरचा माझा मालक रोज दुकानाला दोन कुलपं लावायचा. स्टुडिओच्या खाली, पानवाल्याच्या शेजारी, कुलपांचंच दुकान होतं. मी रोज त्याच्यावरून जायचो. पण माझ्या अंगात मस्ती आली होती. रोज चहाला सगळे जण मला गावाचं विचारत, मी रंगवून सांगे, आणि बिनकुलपाचं कपाट ही माझी ऐट झाली होती. ‘बघा, याचं कपाट उघडंच,’ असं कुणी म्हणालं की माझी छाती फुगायची. आबांचा मफलर गुंडाळलेलं ते खोकं मी त्या उघड्या कपाटात ठेवलं. वर शाईने एक शब्द लिहिला होता: ‘आबा’.

बाराव्या दिवशी त्या गाण्याची वेळ आली. सगळे डबे, गिटार, भोंगा टिपून झाला होता. माझं ‘या’सुद्धा खोलीत उभं राहून घेतलं होतं, कारण गावच्या टेपवरचं दबकं येत होतं. फक्त मधल्या आठ मात्रांत आबांची हाक जोडायची बाकी होती. मी कपाटापाशी गेलो. मफलर होता, घडी करून ठेवलेला. खोकं नव्हतं.

मी खोकं शोधत तिथल्या प्रत्येक माणसाला विचारलं. शेवटी ते मशीनशेजारच्या मांडणीत सापडलं. ‘आबा’ या शब्दावर काट मारून त्याखाली एका दंतमंजनाचं नाव लिहिलं होतं. त्या स्टुडिओचा एक नियम होता, जो मला सोडून सगळ्यांना ठाऊक होता. ज्या कपाटाला कुलूप नाही त्यातली टेप म्हणजे काम संपलेली टेप. ती परत वापरायला घ्यायची. टेप महाग, म्हणून हा नियम. कुणीतरी नियमाने कपाट उघडलं, नियमाने मफलराची घडी घातली आणि नियमाने माझ्या बापाच्या आवाजावर दंतमंजनाची जाहिरात भरली.

मी टेप लावून ऐकली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चार बायका हसत हसत दात घासण्याचं गाणं म्हणत होत्या. मी आवाज वाढवला, की खालून कुठूनतरी साखळी वाजेल, एखादं खाकरणं निसटलं असेल. काही नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ते त्या दिवशी मला कळलं. मी डबा उचलून भिंतीवर मारला. त्यातलं तेल रेकॉर्डिस्टच्या कागदांवर उडालं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘मी सांगितलं होतं हो.’ या चार शब्दांइतका राग मला आयुष्यात कशाचाच आला नाही. कारण त्यांनी सांगितलं होतं.

कंपनीचे साहेब आले. मी म्हणालो, दोन दिवस द्या, गावी जाऊन परत घेऊन येतो. ते म्हणाले, परवा सगळं कारखान्यात जायचंय, ती तारीख गेली तर थेट पुढच्या वर्षी. मग म्हणाले, ‘त्यात काय आहे एवढं? आपला शिपाई आहे ना, त्याला हाक मारायला लावू. हाक ती हाक.’ शिपाई बिचारा खरोखरच उठून उभा राहिला, घसा साफ करू लागला. मी म्हणालो, ‘नको.’ ‘मग ते “या” काढून टाकू.’ मी म्हणालो, ‘नको. राहू द्या मोकळं.’

हीच ती सुचलेली शांतता. ती रागाने ठेवली, शिपायाच्या तोंडून बाप नको म्हणून ठेवली. पण त्याआधी काय झालं हे कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितो. साहेब ‘पुढच्या वर्षी’ म्हणाले तेव्हा मी म्हणू शकत होतो, की बरं, पुढच्या वर्षी. मी पायऱ्या उतरून एसटी पकडू शकत होतो. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. ती दोन्ही जाड दारं त्या वेळी सताड उघडी होती. पण मला तबकडी हवी होती. त्याच वर्षी हवी होती. माझा फोटो छापलेलं कव्हर मी आदल्या दिवशी पाहून आलो होतो.

आबांना मी कळवलं नाही. पत्र लिहायला बसायचो आणि ‘तबकडी छान झाली आहे’ एवढं लिहून थांबायचो. मुंबईहून परतल्यावर दोन महिने नगरलाच राहिलो, गाव बसने दीड तासावर, पण गेलो नाही. आणि त्या दोन महिन्यांत ते दंतमंजन रेडिओवर आलं. चहाच्या टपरीवर, सायकलच्या दुकानात, न्हाव्याकडे, जिथे जावं तिथे त्या चार बायका दात घासत हसत. एकदा माणिकचौकात मी एका हॉटेलवाल्याला म्हणालो, बंद कर तो रेडिओ. तो म्हणाला, ‘का, दात दुखतात का?’ मी कप तसाच ठेवून निघालो. गावाकडून येणारा-जाणारा निरोप मात्र एकच आणायचा: आबा विचारतात, कधी आणतोस?

दुष्काळ पडला होता. माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जात होती. चारा संपला म्हणून आबांनी बैल घोडेगावच्या बाजारात उभे केले होते. ज्याच्या साखळीचा आवाज टेपवर होता तोही गेला. अशा दिवसांत मी कव्हरावर माझा हसरा फोटो असलेली तबकडी, दुकानातला प्लेअर, बॅटरी आणि एक भोंगा घेऊन घोडेगावला उतरलो. तिथे आबांनी गाडी पाठवली होती, दुसऱ्याचे बैल मागून.

घरासमोर सगळं गाव जमलं होतं. खडी फोडून आलेली, हातांना चिंध्या बांधलेली माणसं, लुगड्याच्या पदराने धूळ पुसणाऱ्या बाया. जागा पुरेना म्हणून निम्मे लोक घरात आणि निम्मे अंगणात. आबा अगदी प्लेअरजवळ गोणपाटावर बसलेले, धुतलेली टोपी घालून. मला वाटलं होतं, आधी त्यांना बाजूला घेऊन सांगू. पण मी आलो तेव्हाच ते शेजाऱ्याला सांगत होते, ‘दुसऱ्या बाजूला हाय म्हनं. आदी आपलं साकळीचं वाजतंय, मंग मी.’ मी भोंग्याच्या तारा जोडायला बसलो.

पहिली बाजू झाली. बाजाराच्या गाण्याला लोक खूप हसले. मी तबकडी उलटली. घराचं गाणं सुरू झालं. शेजारीण आली, तेली आला, पाहुणा आला. डबे थांबले. आबांनी मान वर केली. आठ मात्रा काही नाही. मग भोंग्यातून माझा आवाज, ‘या’. आणि गाणं पुढे गेलं.

‘आवं, तुमचा आवाज कुटं हाय?’ शेजारी आबांना म्हणाला.

‘म्होरं आसंल,’ आबा म्हणाले. गाणं संपलं. ‘परत लाव,’ ते मला म्हणाले. मी परत लावलं. या वेळी त्यांनी कान थेट भोंग्याला लावला. झालं. अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. मी सुई उचलली आणि सुईकडेच बघत राहिलो.

आबा उठले. टोपी सारखी केली आणि माणसांतून वाट काढत बाहेर गेले. मला वाटलं, रागाने निघाले. तेवढ्यात उंबऱ्यापलीकडून त्यांचा आवाज आला, ‘लाव.’

मी लावलं. शेजारीण, तेली, पाहुणा. डबे थांबले. आणि बाहेरून दोनदा खाकरणं आलं, मग ‘हाय का कुनी?’ अगदी मात्रेवर. भोंग्यातून माझा आवाज म्हणाला, ‘या.’

लोकांनी एकच गलका केला. ‘आला, आला! आबाचा आवाज आला!’ कुणी टोप्या उडवल्या. सगळे त्यांच्या आत येण्याची वाट बघू लागले. आबा आले नाहीत. चौकटीपलीकडे उभे राहिले, नेहमीच्या जागेवर. मध्ये कवाड नव्हतं. ते मला पूर्ण दिसत होते आणि मी त्यांना. माणसं हळूहळू गप्प झाली.

‘त्ये मुंबईचं झालं,’ ते म्हणाले. ‘तू म्हन.’

आई आतून म्हणाली, ‘या की वं, किती येळ उबं ऱ्हानार?’ ते तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘त्याला इचारलंय.’

मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. सगळ्या गावासमोर मला असं उभं केलं म्हणून. रेकॉर्डिस्टचा, साहेबांचा, त्या चार बायकांचा राग होताच. तो सगळा एकदम घशात आला आणि मी ओरडलोच, ‘आबा, टेप पुसली! मी कपाटाला कुलूप लावलं न्हाई, आन् त्यांनी पुसली!’

आबांनी चौकटीवर हात टेकला. मग खरोखरच न कळल्यासारखं म्हणाले, ‘कुलूप कशाला लावायचं? न्हाई लावलंस ह्ये बराबर केलंस.’ मला वाटलं, सुटलो. ते पुढे म्हणाले, ‘पन दोन म्हयनं मला सांगितलं न्हाईस. मी हितं आक्क्या गावाला सांगत बसलो.’

मग मी ‘या’ म्हणालो. आवाज फाटला होता, सूर कसलाच नव्हता. आबा आत आले, गोणपाटावर बसले आणि म्हणाले, ‘आता बंद कर त्ये.’ आमच्या घरात ती तबकडी पुन्हा कधी वाजली नाही.

पुढच्या वर्षी तबकडीचं बरंच नाव झालं. कंपनीने दुसरी आवृत्ती काढायची ठरवली आणि साहेब स्वतः म्हणाले, पाहिजे तर वडिलांची हाक घालून घे. मी बाजारातलं सगळ्यात मजबूत पितळी कुलूप घेतलं, टेपरेकॉर्डर घेतला आणि गावी गेलो. कणगीमागे लपलो नाही. मशीन सरळ घराच्या मधोमध ठेवलं आणि आबा आले की सांगायचं ठरवून बसलो.

दिवेलागणीला ते आले. पाऊल ऐकू आलं. ते थांबले, चौकटीतून त्यांनी मला पाहिलं, मशीनकडे पाहिलं, शेजारी ठेवलेल्या कुलपाकडे पाहिलं. खाकरले नाहीत. हाक मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते न विचारता उंबरा ओलांडून आत आले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.

मी त्यांच्या मागे गेलो. म्हणालो, ‘आबा, एकदाच. फकस्त एकदा हाक मारा.’

त्यांनी तांब्या खाली ठेवला. रागावले नव्हते. ‘एकदा आवाज दिला व्हता की, लेका,’ म्हणाले, आणि टॉवेल मागितला.